संगणकाची ईश्वरचिठ्ठी: पार्किंगच्या सोडतीपासून कुलपाच्या चावीपर्यंत

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास घुटमळतो, तेव्हा फ्लॅट स्कीममधली छताखालची पार्किंग ही चैन राहत नाही. बेसा असो की मनीषनगर, जागावाटपाचा वाद ठरलेला. पूर्वी चिठ्ठ्या टाकून एखाद्या लहान पोराला उचलायला सांगत. आता सचिव लॅपटॉप उघडतात, एक्सेलमध्ये यादृच्छिक, म्हणजे कसेही पडणारे, आकडे देणारं रँडचं सूत्र टाकतात आणि तयार यादी ग्रुपवर पाठवतात. मग कोणीतरी विचारतंच, "काऊन भाऊ, लिफ्टजवळची जागा सचिवांनाच काऊन निघाली?"

प्रश्न रास्त आहे. एक्सेलमध्ये एफ९ दाबलं की सगळे यादृच्छिक आकडे बदलतात, त्यामुळे मनासारखी यादी येईपर्यंत ते कितीदाही दाबता येतं. सचिव प्रामाणिक असले तरी तसं सिद्ध करायला त्यांच्याकडे काही नसतं. या लेखात २४ फ्लॅट आणि २४ जागांची अशी सोडत काढू, जी कोणालाही घरी बसून पुन्हा ताडून बघता येईल. वाटेत मूळ संख्या आणि एंट्रॉपी यांची कामं वेगळी करून बघू, कारण या दोघांची गल्लत शिकलेली माणसंही करतात. मूळ संख्या आकड्यांना लांब फिरवते. फेरा कुठून सुरू झाला हे समोरच्याला न कळणं, एवढंच एंट्रॉपीचं काम. एकीची उणीव दुसरीनं भरून निघत नाही.

पहिली पायरी: खेळण्यातलं यंत्र कागदावर चालवा

संगणकाला नाणं उडवता येत नाही. तो एका आकड्यावर गणित करून दुसरा काढतो, दुसऱ्यावरून तिसरा. हे गणित, म्हणजेच आपलं यंत्र, बेतायला सोपं नाही. गणिती फॉन नॉयमान यांची जुनी रीत अशी होती: चार अंकी संख्येचा वर्ग करायचा आणि मधले चार अंक उचलायचे. २५०० घेऊन बघा. वर्ग ०६२५००००, मधले चार अंक पुन्हा २५००. यंत्र तिथंच अडकलं. आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली मांडलेली गंमत याच जातीची आहे. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. गणित म्हणून सुंदर, यादृच्छिक आकड्यांसाठी मात्र असा खड्डा घातक.

त्याच वर्षी डी. एच. लेमर यांनी वेगळी वाट सुचवली: आधीच्या आकड्याला एका ठरावीक गुणकानं गुणा, एका ठरावीक भाजकानं भागा आणि बाकी ठेवा. आपण भाजक ३१ घेऊ. एमएच ३१ च्या पाट्या रोज बघणाऱ्यांना तो लक्षात ठेवायला त्रास नाही, आणि तो मूळ आहे. गुणक ३, सुरुवात १:

१, ३, ९, २७, १९, २६, १६, १७, २०, २९, २५, १३, ८, २४, १०, ३०, २८, २२, ४, १२, ५, १५, १४, ११, २, ६, १८, २३, ७, २१ आणि परत १.

एक ते तीस सगळे आकडे एकेकदा आले, एकही गळला नाही. आता भाजक ३१ ऐवजी ३२ करा, गुणक तोच: १, ३, ९, २७, १७, १९, २५, ११ आणि परत १. आठच आकडे, तेही सगळे विषम. भाजक एकानं वाढला आणि फेरा तिसांवरून आठांवर आला. असं का होतं? भाजक मूळ असेल तर त्याच्यापेक्षा लहान कुठल्याच संख्येचा त्याच्याशी एकाहून मोठा सामाईक विभाजक नसतो, म्हणून गुणाकार कधी शून्यात जाऊन पडत नाही. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार फेऱ्याची लांबी भाजकातून एक वजा करून येणाऱ्या संख्येला, इथं ३० ला, नि:शेष भागणारी असते.

पण मूळ भाजक घेतला म्हणजे झालं, असंही नाही. ३१ ठेवून गुणक २ घ्या: १, २, ४, ८, १६ आणि परत १. पाचात खेळ खलास. गुणक पारखायची रीत सोपी आहे. ३० चे मूळ अवयव २, ३ आणि ५, म्हणून गुणकाचा १५ वा, १० वा आणि ६ वा घात काढून ३१ नं भागा. तिन्हींपैकी एकाचीही बाकी १ यायला नको. ३ साठी बाक्या ३०, २५ आणि १६ येतात, म्हणजे पास. २ साठी १५ व्या घाताची बाकी १ येते, म्हणजे नापास.

पास झालेल्या ३ मध्येही खोट आहेच. १ नंतर ३, मग ९, मग २७; पुढं २ नंतर ६, मग १८. लहान आकड्यापाठोपाठ तिप्पट येतोय हे शाळकरी पोरगंही ओळखेल. गुणक १७ घेतलात तर फेरा तिसांचाच राहतो, पण क्रम १, १७, १०, १५, ७, २६, ८, १२, १८, २७ असा जातो आणि नजरेला ठिगळ दिसत नाही.

खऱ्या जगातही हेच गणित मोठ्या मापात चाललं. पार्क आणि मिलर यांनी १९८८ साली किमान दर्जाचं म्हणून सुचवलेलं यंत्र भाजक २१४७४८३६४७ आणि गुणक १६८०७ वापरतं. भाजक म्हणजे २ च्या ३१ व्या घातातून एक वजा. तो मूळ असल्याचं ऑयलरनं १७७२ मध्येच दाखवलं होतं. गुणक म्हणजे ७ चा पाचवा घात. घरी प्रोग्राम लिहिलात तर ताळा असा करा: १ पासून सुरू करून दहा हजार वेळा गुणलं की १०४३६१८०६५ यायला हवा.

उलट उदाहरण आयबीएमच्या रँडू नावाच्या यंत्राचं. भाजक २ चा ३१ वा घात, म्हणजे मूळ नाही, गुणक ६५५३९. त्याचे तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात बिंदू मांडले तर सगळे जेमतेम पंधरा समांतर पातळ्यांवर जाऊन बसतात. १९६० च्या दशकातल्या कितीतरी शास्त्रीय गणनांत हे यंत्र वापरलं गेलं होतं.

दुसरी पायरी: सीड मोजा

यंत्र कितीही चांगलं असो, सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, कळला की पुढचं सगळं कळलं. सीडमध्ये समोरच्यासाठी किती अनिश्चितता आहे, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दिलेल्या मापानं मोजतात. सगळ्या शक्यता सारख्या असतील तर हिशेब साधा: २ चा कितवा घात केला की शक्यतांची संख्या येते, तितके बिट.

नाणं म्हणजे १ बिट. फासा म्हणजे सुमारे २.५८ बिट. चार अंकी पिन १३.३ बिट. सहा अंकी ओटीपी जवळपास २० बिट. संगणकाच्या घड्याळातला सेकंद सीड म्हणून वापरला आणि तारीख सगळ्यांना ठाऊक असेल, तर दिवसाचे ८६,४०० सेकंद म्हणजे १६.४ बिट. सभा संध्याकाळी सात ते आठ होती हेही माहीत असेल तर उरले ३,६०० सेकंद, ११.८ बिट. एवढ्या शक्यता साधा लॅपटॉप डोळ्याची पापणी लवायच्या आत तपासून मोकळा होतो.

एंट्रॉपी आकड्याच्या अंगात नसते, ती समोरच्याच्या अज्ञानात असते. पुष्कळ जण "काहीतरी आकडा सांगा" म्हटलं की गाडीचा नंबर सांगतात. चार अंक, म्हणजे अनोळखी माणसासाठी १३ बिट. पण ती गाडी रोज गेटातून आत येते. वॉचमनसाठी शून्य बिट.

आपल्याला किती बिट हवेत? २४ फ्लॅट २४ जागांवर बसवण्याचे प्रकार २४ च्या क्रमगुणिताइतके, म्हणजे ६.२ गुणिले १० चा २३ वा घात. त्याला ७९ बिटांहून किंचित जास्त लागतात. पार्क-मिलर यंत्राच्या सीडमध्ये फार तर ३१ बिट मावतात. म्हणजे त्यातून जास्तीत जास्त २१४ कोटी याद्या निघतील आणि बाकीच्या अब्जावधी पट याद्या कधीच निघू शकणार नाहीत, फेरा कितीही लांब असला तरी. मर्सेन ट्विस्टर नावाचं यंत्र बघा. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचं हे यंत्र पायथॉनच्या रँडम मॉड्यूलमध्ये आहे आणि त्याचा फेरा २ चा १९९३७ वा घात वजा एक, ही सहा हजार दोन अंकी मूळ संख्या. आकडा ऐकून छाती दडपते. तरीही त्याचे लागोपाठचे ६२४ आकडे हाती लागले की आतली सगळी अवस्था उलगडते आणि पुढचा प्रत्येक आकडा आधीच सांगता येतो. फेरा लांब असणं वेगळं आणि गुपित असणं वेगळं.

तिसरी पायरी: एंट्रॉपी गोळा करा

प्रत्येक फ्लॅटनं घरी साधा फासा २० वेळा टाकायचा. आलेले आकडे ओळीनं चिठ्ठीवर लिहायचे, फ्लॅट नंबर टाकायचा, चिठ्ठी पाकिटात बंद करायची. सभेच्या आदल्या रात्री नऊपर्यंत पाकीट कुलूपबंद पेटीत. वेळेनंतर सभेपर्यंत पेटी उघडायची नाही आणि नवीन पाकीट घ्यायचं नाही.

आधी बंद करून घेण्यामागे कारण आहे. भर सभेत प्रत्येकानं आकडा सांगायचा ठरवलं, तर शेवटचा माणूस बाकीच्या तेवीस जणांचे आकडे ऐकून, मोबाईलवर हजारो पर्याय चालवून, स्वतःला लिफ्टजवळची जागा देणारा आकडा शोधू शकतो. पाकीट आधीच बंद असेल तर एकट्या प्रामाणिक माणसाचे फासेही सगळ्यांचं संगनमत मोडायला पुरतात.

फासा सगळ्या बाजूंनी सारखा नसेल तर? समजा एखाद्या फाशावर ६ दर चारातून एकदा येतो आणि बाकी पाच आकडे उरलेल्यात सारखे वाटले गेलेत. शॅननच्या मापानं तो २.५५ बिट देतो, म्हणजे फारसं काही बिघडलेलं दिसत नाही. पण अंदाज बांधणारा नेहमी ६ च म्हणेल. म्हणून सुरक्षिततेच्या कामात सगळ्यात संभाव्य निकालावरून काढलेली किमान एंट्रॉपी धरतात: इथं चारात एक, म्हणजे २ बिट. हिशेब कायम या कंजूष मापानं करावा.

त्यात काही जण आळस करणारच, फासा न टाकता मनातून आकडे लिहिणार. त्यांना पकडायची एक खूण आहे. माणूस मनातून लिहिताना एकच आकडा लागोपाठ दोनदा लिहायला बिचकतो. खऱ्या २० फाशांत लागोपाठ जोडी एकदाही न येण्याची शक्यता शंभरात तीनच. एका चिठ्ठीत जोडी नाही म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवू नका. दहा चिठ्ठ्यांत नसेल तर समजून जा. चोवीसपैकी सहाच घरांनी खरोखर फासे टाकले, तेही वरच्यासारखे ६ कडे कललेले, असं धरलं तरी १२० फासे गुणिले २ म्हणजे २४० बिट होतात. आपली गरज ८० ची.

फासा नसेल तर नाणं चालेल. नाण्याचा कल एका बाजूला असला तरी फॉन नॉयमान यांची युक्ती कामाला येते: दोन-दोनदा उडवा, छापा-काटा आला तर ०, काटा-छापा आला तर १, दोन्ही सारखे आले तर फेकून द्या. साठ टक्के छापा पडणाऱ्या नाण्याच्या १०० उडवण्यांतून सरासरी २४ निर्मळ बिट मिळतात. वाया बरंच जातं, पण कल पार निघून जातो.

शेवटचा घटक असा घ्या की तो स्कीममधल्या कोणाच्याही हातात नसेल. माझी पसंती सभेच्या दिवशी सोनेगावच्या वेधशाळेत नोंदलेल्या कमाल तापमानाला. मे महिन्यात ते समजा ४२ ते ४६ च्या दरम्यान, एका दशांश स्थळापर्यंत. चाळीसेक शक्यता, म्हणून फार तर ५.४ बिट. एवढ्यानं सीड काही बळकट होत नाही. पण पेटीची किल्ली ज्याच्याकडे होती त्यानं रात्री चिठ्ठ्या वाचल्या असतील तर त्यालाही निकाल आधी सांगता येत नाही.

चौथी पायरी: सगळं एकत्र घोटा

पेटी उघडून फ्लॅट नंबरच्या चढत्या क्रमानं सगळ्या चिठ्ठ्यांचे आकडे एका ओळीत टंका, शेवटी तापमान बिंदू काढून जोडा (४४.३ असेल तर ४४३). मधे मोकळी जागा, स्वल्पविराम काही नको. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे संगणकाला वेगळे दिसतात, तेव्हा कोणते वापरायचे हे सूचनाफलकावर आधीच लिहून ठेवा. नाहीतर घरी ताळा करणाऱ्याचं उत्तर वेगळं येईल आणि भांडण नव्यानं पेटेल.

ही ओळ एसएचए-२५६ या हॅशला, म्हणजे कितीही लांब मजकूर घोटून ठरावीक लांबीचं उत्तर देणाऱ्या सूत्राला, द्या. २५६ बिटांचं उत्तर येईल, ० ते ९ आणि a ते f अशा सोळा चिन्हांपैकी चौसष्ट चिन्हांत लिहिलेलं. एक आकडा बदलला तरी उत्तर ओळखू न येण्याइतकं बदलतं. मात्र भुलू नका: तर्रीत पाणी ओतलं की वाट्या वाढतात, तिखट वाढत नाही. चार अंकी पिनचा हॅश चौसष्ट चिन्हांचा दिसला तरी आत दहा हजारच शक्यता आहेत.

इथं मूळ संख्या पुन्हा भेटतात, पण वेगळ्याच कामात. एसएचए-२५६ च्या पोटात बरेच स्थिरांक आहेत. सुरुवातीचे आठ म्हणजे पहिल्या आठ मूळ संख्यांच्या (२ ते १९) वर्गमुळांच्या अपूर्णांक भागाचे पहिले ३२ बिट. पुढचे चौसष्ट म्हणजे २ पासून ३११ पर्यंतच्या पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांचे. आकडे असे ठेवण्यामागचा हेतू सचिवांच्या अडचणीसारखाच आहे: मी हे माझ्या सोयीनं निवडले नाहीत, हे दाखवता यावं. याच्या उलट ड्युअल ईसी नावाचं यादृच्छिक यंत्र. त्यातले स्थिरांक, म्हणजे एका वक्रावरचे दोन बिंदू, कुठून आले याचा खुलासा नव्हता. त्यांच्यातलं नातं ज्याला ठाऊक असेल त्याला पुढचे आकडे कळू शकतात, हे शुमो आणि फर्ग्युसन यांनी २००७ मध्ये दाखवलं. अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०१४ मध्ये ते काढून घेतलं.

पाचवी पायरी: आकडे काढा, यादी पिसा

हॅशच्या उत्तराला '-१' जोडून पुन्हा हॅश करा, मग मूळ उत्तराला '-२', मग '-३'. प्रत्येक वेळी पहिली दोन चिन्हं घ्या. त्यातून ० ते २५५ मधला आकडा मिळतो.

आता २४ मधून एक निवडायचं तर सरळ २४ नं भागून बाकी घ्यावी, असं वाटेल. घेऊ नका. २५६ मध्ये २४ दहा वेळा जातात आणि १६ उरतात. त्यामुळे ० ते १५ या बाक्यांना अकरा संधी मिळतात, १६ ते २३ यांना दहाच. म्हणून २४० किंवा जास्त आकडा आला तर तो टाकून पुढच्या हॅशवर जा. २३ मधून निवडताना ही मर्यादा २५३ ची. पुढंही प्रत्येक वेळी नवी मर्यादा काढा.

पिसायची रीत फिशर-येट्सची. यादी फ्लॅट नंबरांच्या क्रमानं लिहा. यादीतल्या चोवीसपैकी एक जागा निवडा (बाकी ० म्हणजे पहिली) आणि तिथलं नाव शेवटच्या जागी आणा, शेवटचं तिथं. शेवटची जागा पक्की. मग उरलेल्या तेवीसमधून, मग बावीसमधून. दर वेळी पूर्ण चोवीसमधून निवडण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा. तीन नावांवर करून बघा: तीनदा तीन पर्याय म्हणजे २७ वाटा, क्रम मात्र ६. २७ ला ६ नं भाग जात नाही, म्हणजे काही क्रम इतरांपेक्षा जास्त वेळा येणारच.

फासे नकोत, कुलपाची चावी हवी असेल तेव्हा

सोडतीत सीड आधी कळू नये एवढंच पुरतं. नंतर तो जाहीर करायचाच असतो. बँकेच्या किंवा सर्व्हरच्या चावीत तो कधीच कळू नये. तिथं फाशांचा खेळ न करता ऑपरेटिंग सिस्टीमवर सोपवा: पायथॉनमध्ये रँडम ऐवजी सीक्रेट्स मॉड्यूल, लिनक्सवर गेटरँडम. कीबोर्ड, डिस्क अशी उपकरणं प्रोसेसरला हाक मारतात (इंटरप्ट), त्यांच्या बारीक वेळा, प्रोसेसरमधला हार्डवेअर स्रोत वगैरे घोटून लिनक्स आपला साठा भरतो.

हा साठा रिकामा असताना काय होतं, ते २०१२ मध्ये उघड झालं. आरएसए या सांकेतिक कुलपाच्या पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर असतो आणि त्या दोन संख्या गुपित. २०४८ बिटांच्या चावीसाठी १०२४ बिटांच्या दोन मूळ संख्या लागतात. यादृच्छिक विषम संख्या उचलायची, ती मूळ आहे का हे तपासणारी मिलर-राबिन चाचणी लावायची, नापास झाली तर दुसरी. सरासरी साडेतीनशेच्या आसपास प्रयत्नांत एक सापडते. (२००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी निर्विवाद निकाल देणारी जलद चाचणी शोधली, पण रोजच्या वापरात मिलर-राबिनच वेगवान पडते.) नवं राऊटर पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा त्याच्याजवळ कीबोर्ड नाही, इतिहास नाही. अशी दोन यंत्रं एकाच सीडपासून निघून पहिली मूळ संख्या एकच निवडतात आणि दुसरीच्या वेळेपर्यंत वेगळी होतात. मग शाळेतला मसावि पुरतो. जाहीर गुणाकार ३१२७ आणि ३५९९ आहेत असं समजा. ३५९९ वजा ३१२७ म्हणजे ४७२. ३१२७ ला ४७२ नं भागून बाकी २९५. पुढे १७७, ११८, ५९ आणि ०. मसावि ५९, आणि दोन्ही चाव्या उघड्या: ५३ गुणिले ५९, ५९ गुणिले ६१. इंटरनेटवरच्या चाव्यांवर हाच प्रयोग करून संशोधकांनी टीएलएस (वेबसाईटशी गुप्त बोलण्याची पद्धत) वापरणाऱ्या अर्धा टक्का यंत्रांच्या खाजगी चाव्या मिळवल्या. त्या मूळ संख्यांत खोट नव्हती. त्या निवडणाऱ्याजवळ एंट्रॉपी नव्हती.

लिनक्सचा एक प्रकार असलेल्या डेबियनचं प्रकरणही असंच. २००६ मध्ये त्यातल्या ओपनएसएसएल या चाव्या बनवणाऱ्या प्रोग्राममधल्या काही ओळी काढल्या गेल्या आणि सीडमध्ये प्रोसेस क्रमांकाखेरीज (चालू प्रोग्रामला मिळणारा क्रमांक) काही उरलं नाही. तो फार तर ३२,७६८. २००८ मध्ये लक्षात येईपर्यंत दोन वर्षं जगभर चाव्या बनत राहिल्या.

शेवटची पायरी: कागद जपा

सभेआधी सूचनाफलकावर लावायचं: फ्लॅटांची क्रमवार यादी, जागांचे क्रमांक, आकडे जोडायची रीत, कोणत्या दिवसाचं तापमान, आणि सोडत एकदाच निघेल हे वाक्य. सभेनंतर ग्रुपवर टाकायचं: सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो, जोडलेली ओळ, हॅश आणि अंतिम यादी. मूळ चिठ्ठ्या इतिवृत्ताच्या फाईलला टाचून ठेवा. आक्षेप घ्यायला आठ दिवस द्या, आणि आक्षेप घेणाऱ्यानं स्वतः हॅश काढून दाखवावा अशी अट घाला.

पेटीवर कुलपं दोन लावावीत. एक किल्ली सचिवांकडे, दुसरी अशा माणसाकडे ज्याचं सचिवांशी पटत नाही. प्रत्येक स्कीममध्ये असा एक तरी असतोच.